दूध दोन, भाकरी दीड

गेल्या दिवाळीत मी फराळाचं ताट भिंतीवरून आक्काकडं सरकवलं. चार चकल्या, दोन रव्याचे लाडू, वाटीभर चिवडा. शेजारचं ताट रिकामं परत करायचं नाही, ही राजारामपुरीतल्या आमच्या गल्लीची जुनी रीत. संध्याकाळी ताट परत आलं. त्यात दोन काकड्या आणि एक पेरू.

दिवाळीत काकडी! मी ताटाकडं बघतच राहिले. तीस वर्षांत या कंपाउंडच्या भिंतीवरून काय काय आलं नाही? वाफाळता पांढरा रस्सा, गुऱ्हाळावरची काकवी, उन्हाळ्यात सांडगे, एकदा तर अख्खी कोंबडी, तीही जिवंत. पण दिवाळीत काकडी म्हणजे शेजारी काहीतरी शिजत नाहीये, आणि म्हणूनच काहीतरी शिजतंय, असं दोन्ही एकदम वाटलं.

दोन दिवसांत गल्लीला कारण सापडलं. एक नाही, चार सापडली. समोरच्या घरात ठरलं की आक्काला शुगर निघाली. कोपऱ्यावरच्या मावशींच्या मते थायरॉईड. एका घरात सून जेवायला घालत नाही हे पक्कं झालं. (सून बँकेत नोकरीला. तिला बिचारीला स्वतःलाच जेवायला वेळ नसतो.) कुणी म्हणालं, उसाचं बिल अडकलंय, त्यामुळं घास उतरत नाही. शेवटी खात्रीची बातमी आली ती टेलरकडून. "बाई, आक्कांनी सहा ब्लाउज आत घ्यायला टाकल्यात. पंधरा वर्षं झाली, मी त्यांच्या शिवणी उसवून सैल करून देतोय. आत घ्यायचं काम पहिल्यांदाच आलं बघा." त्यानं एक ब्लाउज उलटा करून दाखवला. शिवणीच्या आत जादा सोडलेल्या कापडाला ही मंडळी 'माया' म्हणतात. त्या मायेवर सुईच्या भोकांच्या तीन रांगा होत्या. दर चार-पाच वर्षांनी आक्का जेवढी वाढली, तेवढी माया बाहेर आली होती. झाडाच्या खोडाला वर्षांची वलयं असतात, तसं.

आमच्या कोल्हापुरात माणूस बारीक झालं की कुणी कौतुक करत नाही, चौकशी करतात. अंगानं भरलेला माणूस म्हणजे 'खात्यापित्या घरचा'. राजकारणात ज्याचं चालतं तो 'वजनदार'. आणि जरा कुणी उतरलं की 'रया गेली', 'वाळली', 'पार चिपाड झाली'. चिपाड म्हणजे घाण्यातून रस काढून घेतलेला ऊस. आता असल्या गावात वजन कमी करणं म्हणजे समाजाच्या विरोधात जाण्यासारखंच.

जानेवारीतल्या एका रविवारी दुपारी ऊन भिंतीवर आलं, तशी आक्का सुपात भाजलेल्या शेंगा घेऊन आली. मळ्यातल्या शेंगा, वाळूत भाजलेल्या, अजून कोमट. सूप तिनं भिंतीच्या मधोमध ठेवलं. मी शेंग फोडली आणि विषयही फोडला.

"आक्का, खरं सांग. झालंय काय तुला?"

"व्हायचंय काय? अकरा किलो गेलं."

"गेलं कुठं?"

"आलं तसं गेलं. चमच्याचमच्यानं आलं हुतं, चमच्याचमच्यानं गेलं. अठ्ठ्याहत्तर हुतो, सदुसष्ट झालो. सोळा महिनं लागलं."

मी तोंडातल्या तोंडात भागाकार केला. तीस वर्षं शाळेत गणित आणि मराठी शिकवलं, ती खोड जात नाही. "म्हणजे महिन्याला पाऊण किलोसुद्धा नाही की गं!"

"तर! माझी नणंद म्हणाली, एवढं तर मी एका हगवणीत घालवतो."

हसता हसता माझ्या हातातली शेंग खाली पडली. मग दुसरी घेतली.

सुरुवात कशी झाली तर जोतिबाच्या डोंगरावर. चैत्र यात्रेला आक्का दरवर्षी जाते. त्या वर्षी पायऱ्यांवर तीनदा बसावं लागलं. तिसऱ्यांदा बसली तेव्हा शेजारून एक ऐंशीची म्हातारी गुलालानं माखलेली, हातात नारळ घेऊन, हिच्याकडं बघून "चांगभलं" म्हणत वर निघून गेली. "तिनं देवालाच म्हटलं असंल, पण मला वाटलं मलाच म्हणाली," आक्का म्हणाली. तरी चैत्र गेला, आषाढातलं तळण गेलं, श्रावण गेला. गणपती विसर्जन झालं, उरलेसुरले मोदक संपले आणि दुसऱ्या दिवशी तिनं सुरू केलं.

"काय सुरू केलंस? जिम?"

"लिहायला."

आत जाऊन तिनं भिंतीवरचं कालनिर्णय काढून आणलं. सोबत मागच्या दोन वर्षांचीही आणली, सुरळी करून रबर लावलेली. साळगावकरांनी १९७३ मध्ये कालनिर्णय काढलं तेव्हा त्यांच्या डोक्यात तिथी, मुहूर्त आणि संकष्टीचा चंद्रोदय असणार. पण मराठी बायकांनी त्या चौकोनांत पहिल्यापासून दुधाचा हिशेब मांडला. किती लिटर, कुठल्या दिवशी गवळी आला नाही, गॅस कधी लावला, कामवालीचे खाडे. आक्कानं त्याच चौकोनात दुधाच्या शेजारी स्वतःला मांडलं होतं.

मी चष्मा पुसून वाचायला लागले. एका बुधवारचा चौकोन: 'दूध २. भा. १॥. पिठलं. चा ३. ते. चव ०.' दीडाची खूण आमच्या शाळेतल्या जुन्या पद्धतीची, एकावर दोन उभ्या रेघा. कोपऱ्यात एक लहान गोल. "गोल म्हणजे चाललो. गोल न्हाई म्हणजे लोळलो." शुक्रवारच्या चौकोनात लाल शाईनं वजन. आणि १४ जानेवारीला चौकोन पुरला नव्हता म्हणून मजकूर १५ तारखेत घुसला होता: 'गु. पो. ४. तूप. परत १.'

"गुळाची पोळी पाच खाल्लीस?"

"खाल्ली की. लिहून ठेवली. खोटं कुणाशी बोलायचं, भिंतीशी?"

या पानांच्या मागच्या बाजूला पाककृती असतात, हे तिच्या लक्षात आलेलं दिसत नव्हतं. पाठीमागं करंजीची कृती, पुढं करंजीचा हिशेब.

मग तिनं जे सांगितलं त्यात मला खरी मेख सापडली. पहिला महिना तिनं काहीही सोडलं नाही. नुसतं लिहिलं. आणि लिहिताना कळलं की ताटात वाढून घेतलेलं जेवण हे खाण्याचा निम्मा हिशेबसुद्धा नव्हे. आमटीला मीठ बघायला एक पळी. नातवाच्या ताटात राहिलेला अर्धा पराठा, टाकवत नाही म्हणून. रात्री पातेल्यात उरलेला भात, सकाळी कोण खाणार म्हणून. डब्यात भरताना फुटलेली चकली, फुटकी कुणाला द्यायची म्हणून.

"मास्तरीन, मी जेवत न्हवतोच. मी आवरत हुतो. घरातलं सगळं उरलंसुरलं आवरून पोटात ठेवत हुतो." म्हणून ते 'चव ०'. ज्या दिवशी चवीच्या नावाखाली काही गेलं नाही, त्या दिवशी शून्य. आक्काला ते शून्य अकरा किलोंपेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

चहाचा हिशेबही कागदावर आल्यावरच दिसला. पाच चहा, दोन-दोन चमचे साखर. दिवसाला दहा चमचे, महिन्याला दीड किलो साखर, एकटीला! कोल्हापूरच्या माणसाला गोडाचं वावडं कधीच नव्हतं. आपल्या गुळाला तर भौगोलिक मानांकन मिळालंय. पण मानांकन गुळाला आहे, आपल्याला नाही.

"आणि ते 'ते.' काय?"

"तेल. ते सगळ्यात मोठं चोर." घरात चार माणसं, महिन्याला पाच लिटरचा डबा. माझं डोकं परत चाललं. पाच लिटर म्हणजे पाच मिलीचे हजार चमचे. चौघांत अडीचशे. तीस दिवसांत माणशी रोजचे आठ चमचे. एका चमच्यात चाळीसेक कॅलरी, म्हणजे रोज सव्वातीनशे कॅलरी नुसत्या तेलाच्या. आक्कानं डबा साडेतीन लिटरवर आणला, कुणाला न सांगता. माणशी अडीच चमचे कमी झाले, रोजच्या शंभर कॅलरी वाचल्या. एक किलो चरबी म्हणजे साधारण सात हजार सातशे कॅलरी. कागदावर धरलं तर सत्याहत्तर दिवसांत एक किलो. प्रत्यक्षात शरीर इतकं सरळ गणित मानत नाही. वजन उतरलं की त्याची गरजही उतरते. पण दिशा तीच. पंतप्रधानांनी २०२५ च्या फेब्रुवारीत 'मन की बात'मध्ये तेल दहा टक्के कमी करा म्हणून सांगितलं, तेव्हा आक्काचे तीस टक्के होऊन गेले होते.

"घरात कुणी बोललं नाही?"

"ह्यांनी एकदा इचारलं, कटावर तर्री कमी दिसत्या. म्हटलं, तेल बदललंय."

एवढ्यात पुण्याच्या वहिनी आल्या. त्या आमच्या गल्लीत लग्न होऊन आल्या त्याला वीस वर्षं झाली, पण गल्लीसाठी त्या पुण्याच्याच. पहिल्या वर्षी त्यांना एकच प्रश्न पडायचा, इथल्या बायका "मी आलो, मी गेलो" का म्हणतात? आता त्या स्वतः भाजीवाल्याशी "देतो की" म्हणतात, पण आमच्यासमोर नाही. सुपाकडं बघून त्यांनी हातानंच 'नको' केलं.

"आक्का, तुम्ही दीक्षित केलंत का दिवेकर?"

हा प्रश्न २०१८-१९ च्या सुमाराला महाराष्ट्रात जातीइतका गंभीर झाला होता. लातूरच्या डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी श्रीकांत जिचकारांची कल्पना पुढं नेली. दिवसातून दोनदाच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत उरका. ऋजुता दिवेकर म्हणणार, घरचं खा, स्थानिक खा, तूप खा, काट्याचं भूत डोक्यावर घेऊ नका. वहिनींच्या घरात सासरे दीक्षित आणि सासू दिवेकर. सासू अकरा वाजता मूठभर काजू खायची आणि सासरे घड्याळाकडं बघत तिच्याकडं बघायचे. शेवटी सासऱ्यांनी पक्षांतर केलं.

आक्का म्हणाली, "वैनी, दोघांचंही बरोबर असंल. मला दोनदा जेवून जमलं न्हाई, पित्त झालं. कुणाला जमत असंल तर जमू दे. पर दीक्षित करा न्हाई तर दिवेकर, रात्री बाराला फ्रीज उघडतंय कोण? आपुणच. मी त्या बारा वाजताच्या बाईला चौकोनात पकडलं, एवढंच केलं."

वहिनींना हे पटलं, पण पुण्याचा मान राहायला हवा. म्हणाल्या, "नुसतं वजन बघून चालत नाही हो. आमच्या पुण्याच्या केईएम हॉस्पिटलमधल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिकांनी हे जगाला दाखवलं." २००४ साली 'लॅन्सेट' या साप्ताहिकात याज्ञिकांचा आणि युडकिन या ब्रिटिश डॉक्टरांचा फोटो आला होता. उंचीच्या मानानं दोघांचं वजन अगदी सारखं, बीएमआय दोघांचाही २२.३. पण अंगातली चरबी युडकिनांची ९.१ टक्के आणि याज्ञिकांची २१.२. म्हणजे बाहेरून सडसडीत, आतून तुपाळ. आपल्याकडं हे फार. हातपाय काटक्या आणि पोट मडकं.

तिघींच्याही डोळ्यांसमोर त्याच क्षणी वहिनींचे मिस्टर आले, पण कुणी नाव घेतलं नाही.

"म्हणून पोटाचा घेर मोजायचा," वहिनी घाईनं म्हणाल्या. "बायकांचा ऐंशी सेंटिमीटरच्या आत, पुरुषांचा नव्वदच्या." आक्कानं कंबरेला खोचलेली टेप काढली. ही टेलरकडची जुनी टेप, त्यानं ब्लाउज आत घेतल्याच्या आनंदात फुकट दिलेली. "एकशे चार हुतं. आता एक्क्याण्णव. अजून बारीक न्हाई मी, पर जोतिबाला बसत न्हाई."

आता चालण्याचं. आक्का पहाटे साडेपाचला शिवाजी विद्यापीठात जाते. १९६२ साली विद्यापीठ झालं ते पोरांनी शिकावं म्हणून, पण पहाटे तिथं निम्मं कोल्हापूर चालायला असतं. अंधारात मोर ओरडतात, पुढं कुणीतरी मफलर गुंडाळून, मागं कुणीतरी मोबाइलवर अभंग लावून. पहिल्या दिवशी आक्का महाराजांच्या पुतळ्यापर्यंत गेली आणि रिक्षानं घरी आली. आता पाऊण तास चालते, आठवड्यातून पाच दिवस. जागतिक आरोग्य संघटना मोठ्यांना आठवड्याला किमान दीडशे मिनिटं सांगते. आक्काची दोनशेच्या वर होतात. रोज दहा हजार पावलं हा आकडा मात्र कुठल्या वैद्यानं काढलेला नाही. १९६५ मध्ये जपानमध्ये पावलं मोजायचं एक यंत्र निघालं, त्याचं नावच दहा हजार पावलांचं होतं. यंत्र खपलं, आकडा राहिला. आक्काला हे सांगितलं तर म्हणाली, "बरं झालं, मी मोजतच न्हवतो."

"पण चालून एवढं उतरतं?"

"खुळी का काय? चालून उतरत न्हाई." तिच्यासोबत चालणारा एक गट आहे. तासभर चालून मंडळी परत येताना मिसळ खातात. तासाच्या चालण्यात अडीचशेच्या आसपास कॅलरी जातात, आणि आपल्या मिसळीबरोबरचे तीन ब्रेड स्लाइस त्या जवळजवळ भरून काढतात. फरसाण आणि कट अजून बाकीच. "त्यातला एकजण दोन वर्षं चालतोय. वजन तसंच. त्यो म्हणतोय, चालणं फसवं. मी म्हटलं, चालणं न्हवं, चालून कुठं जातोय ते फसवं."

इथं मला माझ्या माहेरची आठवण झाली. आमचं घर गंगावेशीत, तालमीच्या जवळ. पहाटे जोर-बैठकांचा आवाज यायचा, लाल मातीचा वास यायचा. वडील म्हणायचे, पैलवानाची वही दोन पानांची: एका पानावर खुराक, दुसऱ्यावर मेहनत. दूध, तूप, बदामाची थंडाई हा खुराक. हजार जोर, हजार बैठका ही मेहनत. कुस्ती सुटते तेव्हा मेहनतीचं पान बंद होतं, खुराकाचं उघडंच राहतं. आखाड्यातून उतरला की पैलवानाचं पोट चढतं, ते त्यामुळं. शाहू महाराजांनी १९१२ मध्ये खासबागचं मैदान उभं करून दिलं, गावाला कुस्तीचं वेड लावलं. आपण त्यातला खुराक तेवढा ठेवला, कुस्ती मैदानात सोडून आलो.

"आणि आक्का, खाशाबा जाधव माहितेत ना? आपल्या राजाराम कॉलेजचे. १९५२ ला हेलसिंकीत ब्राँझ आणलं. कुठल्या वजनात माहिती आहे? सत्तावन्न किलोच्या."

आक्का थांबली. "म्हणजे जगात तिसरा आलेला गडी माझ्याहून दहा किलो हलका?"

"आणि माझ्याहून..." म्हणून मी पुढं बोलले नाही. शेंग फोडली.

आक्का आता बैठका मारते. खऱ्या नव्हेत, खुर्चीवरून हात न टेकता उठायचं आणि बसायचं. दहाच्या तीन फेऱ्या. पन्नाशीनंतर बाईची ताकद मांड्यांमधून आधी जाते. नुसतं उपाशी राहून वजन उतरवलं तर चरबीसोबत स्नायूही जातात, आणि मग खरोखरच चिपाड होतं. म्हणून भाकरी दीडवर आली, पण ताकाचा पेला, मटकीची उसळ, अंडं हे वाढलं.

वजन ती शुक्रवारीच करते, सकाळी अनाशापोटी. अंबाबाईचा वार, म्हणून खोटं बोलवत नाही. "एकादशी अन् दुप्पट खाशी" हेही तिला लिहून कळलं. शुक्रवारी उपास, त्यात शेंगदाण्याचं कूट आणि तूप घालून दोन वाट्या साबुदाण्याची खिचडी. आता उपास आहे, खिचडी वाटीभर. पहिल्यांदा ती रोज काट्यावर चढायची. तांबडा रस्सा ओरपला की दुसऱ्या दिवशी सव्वा किलो वर. मग रडायची. मग सुनेनं सांगितलं की ते मिठानं धरलेलं पाणी, चरबी नव्हे, दोन दिवसांत जातं. "उसाच्या काट्याला आपण काटामारी म्हणतो. त्यो शेतकऱ्याला मारतो. घरातला काटा मारत न्हाई, पर रोज चढलं तर घाबरवतो."

मध्यंतरी तीन महिने लाल आकडा एका जागी अडला होता. मी पानं उलटून बघितलं: ७१, ७१.२, ७०.८, ७१. "तिथं सोडलं असतं बघ," आक्का म्हणाली. "मग मला बाबांचं गुऱ्हाळ आठवलं." तिचं माहेर पन्हाळा तालुक्यात. काहिलीत रस उकळतो, मळी वर येते, ती काढत राहायची. मग बराच वेळ काहीच होत नाही असं वाटतं. नवखा माणूस तेव्हा जाळ वाढवतो, आणि गूळ काळा पडतो. गुळव्या मात्र काहिलीकडं बघत शांत उभा असतो. त्याला माहीत असतं, आत घट्ट व्हायला लागलंय. "मी जाळ वाढवला न्हाई. नुसतं लिहीत ऱ्हायलो. मग पडला एक किलो."

मी गप्प बसले, कारण जाळ वाढवणाऱ्यांतली मी एक. तीन वर्षांपूर्वी एका ओळखीच्या बाईंनी मला डब्यातली पावडर दिली होती. सकाळ-संध्याकाळ पेला, जेवण एकदाच. महिन्यात पाच किलो उतरले, गल्लीत मिरवले, सत्कारच व्हायचा बाकी होता. चौथ्या महिन्यात सहा किलो परत आले. वरचा एक किलो व्याज. केसही गेले, ते मात्र परत आले नाहीत.

"आता तर इंजेक्शनं आलीत," वहिनी म्हणाल्या. "आठवड्याला एक."

"ते डॉक्टरनं सांगावं, गल्लीनं न्हवं," आक्कानं विषय मिटवला. तिच्या मते गल्लीनं फक्त ब्लाउजवर बोलावं.

ऊन भिंतीवरून उतरलं. वहिनी "येतो हं" म्हणाल्या, मग जीभ चावून "येते" म्हणाल्या, आणि गेल्या. आक्कानं सूप उचललं. जवळजवळ रिकामं होतं. मी कौतुकानं म्हटलं, "आक्का, खरं सांगू का, तुझ्यासारखं मला नाही जमायचं. मी खातच काय? सकाळी दोन पोळ्या, रात्री भात. तरी वाढतंच. आमच्या घराण्यातच आहे ते."

आक्का काही बोलली नाही. तिनं भिंतीकडं बोट केलं. तिच्या बाजूला टरफलं होती, नीट एका ओळीत मांडलेली, बारा शेंगांची. मोजून खायची सवयच लागलीय तिला. माझ्या बाजूला ढीग. ढिगातली काही खाली कुंडीत पडली होती, काही माझ्या पदरावर होती.

"तू काय खातीस, ते हितं लिहिलंय बघ," ती म्हणाली आणि आत गेली.

तीस वर्षं मी वर्गात टिळकांची शेंगांची गोष्ट सांगितली. ज्यानं शेंगा खाल्ल्या नाहीत त्यानं टरफलं का उचलावीत, हे बाणेदारपणे सांगणारं ते पोर मुलांना फार आवडायचं. मलाही आवडायचं. पण त्या गोष्टीची दुसरी बाजू मी कधी शिकवली नव्हती: ज्यानं शेंगा खाल्ल्या, त्यानं काय करायचं?

मी पदर खोचला आणि टरफलं उचलायला लागले. उचलता उचलता मोजली. अर्ध्या-अर्ध्यांच्या जोड्या लावल्या, कुंडीतलीही धरली. चौसष्ट शेंगा. एका शेंगेत दोन दाणे, सहा कॅलरी धरल्या तरी पावणेचारशेच्या वर. आक्काच्या चालीनं दीड तास.

स्वयंपाकघरात कालनिर्णय खिळ्याला होतं. त्या रविवारच्या चौकोनात माझ्या अक्षरात एवढंच होतं, 'दूध १॥'. मी पेन शोधलं, गॅसच्या पावतीमागं मिळालं, आणि दुधाशेजारी लिहिलं: 'शेंगा ६४.' मग थोडा विचार करून चौकोनात राहिलेल्या जागेत बारीक अक्षरात भर घातली: 'बोलता बोलता.'